विश्वाचा आदी आणि अंत : विज्ञानाचा शोध व जैन दृष्टी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मुकुटबन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होणे हा काळाचा हिशेब मांडण्याचा प्रसंग असतो. रोप लावणारी पिढी एक, पाणी घालणारी दुसरी आणि सावलीत बसणारी तिसरी. पन्नास वर्षांत एवढे सगळे घडून जाते. अशा मंगल प्रसंगी सर्वांत मोठ्या हिशेबाचा, म्हणजे विश्वाच्या आयुष्याचा, विचार व्हावा हे उचितच होय.

ह्या विषयाला एक घरगुती कारणही आहे. शाळेतून परतलेला मुलगा विचारतो, "विज्ञानाच्या पुस्तकात विश्वाला सुरुवात आहे असे लिहिले आहे. पाठशाळेत विश्व अनादी-अनंत आहे असे शिकवतात. खरे कोणते?" पुष्कळदा त्याला गप्प बसवले जाते, किंवा "विज्ञानाने आपलेच शास्त्र सिद्ध केले आहे" असे ठोकून दिले जाते. दोन्ही उत्तरे त्या मुलाला धर्मापासून दूर नेतात. पहिल्याने त्याचा प्रश्न मरतो, तर दुसऱ्यातील असत्य मोठेपणी त्याच्या ध्यानात येते.

प्रारंभ पायाखालच्या भूमीपासून करू या. मुकुटबन परिसरातील चुनखडक हा एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. शंखशिंपल्यांचे प्राणी समुद्रात दिसू लागण्याच्याही आधीचा तो आहे. वणी भागातील दगडी कोळसा म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची, दलदलीत गाडली गेलेली अरण्ये. त्यांवर पसरलेला काळा बेसॉल्ट हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर होय. ह्याच तालुक्यातील शिबला-पारडी भागात २०२१ मध्ये त्या बेसॉल्टचे षटकोनी स्तंभ उजेडात आले. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आणि विश्वाचे, आजच्या विज्ञानानुसार, सुमारे १३८० कोटी वर्षे.

एवढ्या संख्या मनात मावत नाहीत. म्हणून विश्वाचे सारे वय एका व्यापारी वर्षात बसवून पाहावे. एका दिवाळीला वहीपूजन झाले आणि विश्व सुरू झाले. पुढच्या दिवाळीची वही उघडण्याचा क्षण म्हणजे आज. पृथ्वी जन्मली ती आठ महिने उलटून गेल्यावर. वणीचा कोळसा बनू लागला तो शेवटच्या आठवड्याच्या सुमारास. काळा बेसॉल्ट वाहिला तो वर्ष संपायला दोन दिवसही उरले नसताना. भगवान महावीरांच्या निर्वाणाला २०२४ मध्ये २५५० वर्षे पूर्ण झाली. ह्या वर्षात ती घटना जेमतेम सहा सेकंदांपूर्वीची ठरते. आणि संस्थेची पन्नास वर्षे? सेकंदाचा सुमारे दहावा भाग. ज्या अधिकारपदांसाठी, मानासाठी, जागेसाठी मनुष्य भांडतो ती सारी त्या दहाव्या भागातली.

विश्वाला वय आहे हे कसे कळले? १९२२ मध्ये रशियाचे फ्रीडमन आणि १९२७ मध्ये बेल्जियमचे धर्मगुरू लेमेत्र यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित मांडले. १९२९ मध्ये अमेरिकेच्या हबल यांनी दाखविले की दीर्घिका जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने त्या आपल्यापासून लांब जात आहेत. होजिअरीच्या कापडावर टिकल्या शिवाव्यात आणि कापड ताणावे. टिकल्या मोठ्या होत नाहीत, त्यांच्यातील अंतर मात्र वाढते, आणि कोणत्याही टिकलीवरून पाहिले तरी बाकीच्या दूर जाताना दिसतात. तद्वत अवकाशच ताणले जात आहे. हे चित्र उलट फिरविले की सारे द्रव्य अत्यंत दाट व अत्यंत तप्त अशा अवस्थेपाशी पोचते. ह्या कल्पनेला 'बिग बँग', म्हणजे महास्फोट, हे नाव १९४९ मध्ये बीबीसीवरील भाषणात फ्रेड हॉईल यांनी दिले. विशेष म्हणजे ते स्वतः ह्या सिद्धान्ताचे विरोधक होते!

पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन व हेलियम ह्यांची केंद्रके तयार झाली. वजनाने सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांश हेलियम. सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व इतके निवले की प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज उणे २७० अंश सेल्सिअस इतक्या थंड लहरींच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. पेंझियस व विल्सन यांना तो १९६४ मध्ये अनपेक्षितपणे सापडला. १९७८ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पहिले तारे पेटले. २०२१ च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने विश्व तीस कोटी वर्षांचेही नव्हते तेव्हाच्या दीर्घिका पाहिल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात, नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या साह्याने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरी टिपल्या गेल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले.

ताऱ्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन शिजले. मोठ्या ताऱ्यांच्या अंतकाळच्या स्फोटांतून कॅल्शियम व लोह विखुरले गेले. पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणून यवतमाळची ख्याती आहे. त्या कापसाच्या एका धाग्यात हायड्रोजन, कार्बन व ऑक्सिजन आहेत. त्यातला हायड्रोजन विश्वाच्या प्रारंभाचा, आणि कार्बन व ऑक्सिजन विझलेल्या ताऱ्यांचे. मुकुटबनच्या चुनखडकातले कॅल्शियम आणि माणसाच्या हाडातले कॅल्शियम एकाच कुळातले. जोडले जाते आणि गळून सुटते ते पुद्गल, अशी पुद्गल शब्दाची फोड जैन परंपरा देते. धाग्याकडे ह्या दृष्टीने पाहिले तर ती फोड किती यथार्थ आहे हे पटते.

आता जैन विचाराकडे वळू. जैन दर्शनानुसार लोक कोणी निर्माण केलेला नाही आणि त्याचा समूळ नाशही नाही. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश व काल ही सहा द्रव्ये शाश्वत आहेत. पर्याय मात्र क्षणोक्षणी बदलतात. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही सत् वस्तूची तीन अंगे होत. कालचक्राची अवसर्पिणी व उत्सर्पिणी अशी दोन अर्धे, प्रत्येकी दहा कोडाकोडी सागरोपमांची. सध्या अवसर्पिणीचा पाचवा, २१,००० वर्षांचा दुषमा आरा चालू आहे.

ह्या विचाराच्या जवळ जाणारा एक सिद्धान्त ज्यांनी मांडला ते शास्त्रज्ञ मराठी होते. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. १९६४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, हॉईल यांच्यासमवेत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिरस्थिती सिद्धान्ताचे ते खंदे पुरस्कर्ते होते. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' संस्था स्थापन झाली आणि तिचे ते पहिले संचालक झाले. १९९३ मध्ये हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धान्त मांडला. त्यात विश्व चार-पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांत फुलते व आक्रसते, आणि त्याला आदी नाही.

येथेच मोह होतो. "पाहा, हेच आपले कालचक्र!" असे म्हणावेसे वाटते. परंतु प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी हा सिद्धान्त स्वीकारलेला नाही. १९६५ नंतर पार्श्वभूमीच्या त्या थंड लहरींचा पुरावा महास्फोटाच्याच बाजूने झुकत गेला. दुसरी अशी की, जैन कालचक्रात लोकाकाश आक्रसत वा फुलत नाही. भरत व ऐरावत क्षेत्रांतील आयुष्य, देहमान, सुख यांचा तो चढ-उतार आहे. महाविदेहात तोही नाही. सारखे दिसणारे दोन ताके एकाच सुताचे असतातच असे नाही.

मग शास्त्र हरले काय? तसेही नाही. महास्फोटाचा सिद्धान्त तप्त अवस्थेपासून पुढचा हिशेब चोख मांडतो. पण वहीच्या पहिल्या ओळीत 'मागील बाकी' लिहिलेली असते, तिचे मागचे पान त्याला उपलब्ध नाही. ती बाकी शून्यातून आली, की आधीच्या एखाद्या अवस्थेतून, ह्यावर विज्ञानाचा निर्णय झालेला नाही. काळाची दिसणारी सुरुवात आणि सत्ची सुरुवात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय आगमांचे मुख्य प्रयोजन दीर्घिकांची अंतरे मोजणे हे नसून जीवाला बंधनातून सोडविणे हे आहे. मुलाला हेच सांगावे : पुराव्याने जे सिद्ध होईल ते निर्भयपणे स्वीकार, आणि जे अजून मोकळे आहे ते मोकळेच ठेव. अनेकान्त म्हणजे सर्वांचेच सर्व खरे असे नव्हे. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे हे तपासण्याची ती शिस्त आहे. नारळीकरांनी आयुष्यभर अल्पमताची बाजू मांडली, ती गणित आणि निरीक्षण यांच्या आधारे. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा त्यांचे मत न मानणाऱ्यांनीही आदराने मस्तक लवविले. मतभेद आणि आदर एकत्र नांदू शकतात, हा त्यांच्या जीवनाचा धडा आहे.

आता अंताविषयी. सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि पृथ्वीवरचे जीवन त्याच्या आधीच अशक्य झालेले असेल. १९९८ मध्ये आढळले की विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे. ह्याला कारणीभूत असलेल्या अज्ञात शक्तीला कृष्ण ऊर्जा म्हणतात. विश्वाच्या भांडवलात तिचा वाटा सुमारे ६८ टक्के, कृष्ण द्रव्याचा २७ टक्के, आणि दिसणारे सारे तारे, ग्रह, देह, धन मिळून अवघे ५ टक्के! ही ऊर्जा तशीच राहिली तर दीर्घिका एकमेकींना दिसेनाशा होतील, एकावर चौदा शून्ये इतक्या वर्षांत नवे तारे जन्मणे थांबेल, आणि शेवटी कृष्णविवरेही झिजून उरेल तो थंड अंधार. ती क्षीण होत असावी असे संकेत २०२४ व २०२५ मधील निरीक्षणांतून मिळाले आहेत; तसे ठरल्यास अंताचे चित्रही बदलेल. त्या शोधात आता विदर्भाचा शेजारही सामील होत आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. उद्या आपल्यापैकी एखाद्या घरचा मुलगा वा मुलगी तेथे काम करील, मात्र आज त्यांचा प्रश्न आपण दडपला नाही तर.

विश्व सादि असो वा अनादि, मनुष्यजन्म मात्र निश्चितपणे सादि-सान्त आहे. ताऱ्यांनाही आपला साठा टिकवता येत नाही. त्यांतील अनेक अखेरीस बरेच काही अवकाशाला देऊन टाकतात, आणि त्या दानातूनच पृथ्वी, कापूस व देह घडतात. अपरिग्रहाचा याहून मोठा दृष्टान्त कोणता? सेकंदाच्या त्या दहाव्या भागात संस्थेने ज्ञानदान आणि जीवदया यांची जी थोडी जमा केली असेल, तीच खरी शिल्लक. पुढच्या पन्नास वर्षांच्या वहीत पहिल्या पानावर ती 'मागील बाकी' म्हणून लिहिली जावो, हीच मंगलकामना.

जय जिनेंद्र.