आजारपणाचा भार कोणी वाहावा?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शहाणपण मराठी घरात लहानपणीच कानी पडते. विम्याची सारी कल्पना या एका वाक्यात सामावलेली आहे. अंगात बळ असताना सर्वांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर दुखणे कोसळेल त्याने त्यातून घ्यावे, एवढाच तिचा अर्थ. परंतु ही विहीर कोणी खणावी आणि तिच्यावर पाणी भरण्याचा अधिकार कोणाला असावा, याविषयी स्वतंत्र भारतात सतत वाद होत आला आहे. त्या वादाचे मर्म दिल्लीतील भाषणांपेक्षा उज्जैनसारख्या जुन्या गिरणीच्या गावात अधिक स्पष्ट दिसते.

एके काळी शिंद्यांची राजधानी असलेले हे नगर यात्रेकरूंना महाकालामुळे ठाऊक आहे. विसाव्या शतकात मात्र येथे देवळातील घंटांबरोबर कापड गिरण्यांचे भोंगेही ऐकू येत. या गिरणी-कामगारांपर्यंत १९५५ मध्ये, तत्कालीन मध्य भारत राज्यात, कामगार राज्य विमा योजना पोहोचली. तिचा आराखडा प्रा. भा. पुं. आदारकर यांनी १९४४ मध्ये सादर केला होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला.

या योजनेचा विशेष असा की, तिने केवळ पैशाची हमी दिली नाही. दवाखाने व रुग्णालये उभी केली. कामगार आणि मालक या दोघांच्या वर्गणीतून साध्या खोकल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत उपचार मिळू लागले. दुखण्यामुळे बुडालेल्या मजुरीचा काही भागही हाती येऊ लागला. प्रारंभी उपचाराचा हक्क एकट्या कामगारापुरता होता. १९५८ पासून तो क्रमाक्रमाने कुटुंबीयांनाही मिळाला. उज्जैनमध्येही या योजनेचे रुग्णालय उभे राहिले.

तथापि या इमारतीचा पाया नोकरी हा होता, आणि तोच पुढे खचला. उज्जैनची विनोद मिल १९९६ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याची नोकरी गेली त्याची वर्गणी थांबली आणि वर्गणीबरोबर उपचाराचा हक्कही ओसरला. पुढे निवृत्तांसाठी नाममात्र वर्गणीची आणि बेकार झालेल्यांसाठी मर्यादित काळाची सोय झाली. पण उतारवयात, शरीर थकत असता, आधार सुटण्याची भीती मूळ रचनेतच होती.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न नंतरच्या योजनांनी केला. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण होते. २३ सप्टेंबर २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेने ही मर्यादा ५ लाखांवर नेली, आणि २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, मग तो गरीब असो वा सधन, तिचे दार उघडले. येथे हक्क नोकरीला बांधलेला नाही, ही मोठीच सुधारणा होय. परंतु या विम्याचा खर्च रुग्ण खाटेवर पडल्यावर सुरू होतो. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस एवढीच त्याची पुढची-मागची मर्यादा. मधुमेहाची वा रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही. तिच्यासाठी सरकारी आरोग्यकेंद्राकडे पाहावे लागते. तेथे डॉक्टर व औषध दोन्ही हजर असतील तर गोष्ट निराळी, नसतील तर खिशातच हात घालावा लागतो.

राजकीय चर्चा मात्र बहुधा आकड्यांभोवती फिरते. ५ लाखांना उत्तर म्हणून २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने २५ लाखांचे आश्वासन दिले. त्याच वर्षी नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर उठवावा, असे अर्थमंत्र्यांना लिहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील तो कर उठला. मध्यमवर्गाला हा दिलासा खराच. पण हप्ता स्वस्त झाल्याने गावात डॉक्टर येत नाही, आणि पत्रिकेवरील रक्कम वाढल्याने जवळ रुग्णालय उभे राहत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा अडीच टक्के भाग २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर खर्च करण्याचे २०१७ च्या धोरणाचे उद्दिष्ट मुदतीत गाठले गेले नाही, ही गोष्ट या संदर्भात विसरता येणार नाही.

उज्जैनचा अनुभव दोन्ही पक्षांना काही सांगतो. जुन्या योजनेजवळ दवाखाना होता, पण हक्क नोकरीपुरता होता. नव्या योजनेजवळ व्यापक हक्क आहे, पण दवाखान्याची खात्री नाही. एकीचे बळ ते दुसरीचे वैगुण्य. तेव्हा विमा हवा की सरकारी रुग्णालय, हा वादच मुळी अपुरा आहे. गिरणीचा भोंगा थांबल्यावरही ज्याचे दुखणे थांबत नाही, त्याला हाती पत्रिका आणि जवळ उघडे दार, अशा दोन्ही गोष्टी लागतात. विहीर खणून झाली. आता दोर आणि पोहरा यांचीही तरतूद व्हावयास हवी.