मर्जी कुणाची, गोळी कुणाला

(घाटकोपरच्या सभेतील भाषण)



आपल्याला सांगतात, भारतात लष्कर निवडून दिलेल्या सरकारच्या हाताखाली असतं. खरं आहे. पाकिस्तानात १९५८, १९७७, १९९९ असं तीनदा वर्दीनं सत्ता गिळली; इथं तसं झालं नाही. घटनेनं तिन्ही दलांचं सरसेनापतीपद राष्ट्रपतीला, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाला दिलं. मी याच बाजूचा. बंदूक मताच्या वर जाता कामा नये.

पण हे हाताखाली ठेवणं चालतं कसं, ते बघा.

३० डिसेंबर १९९८. सरकारनं नेमलेला उपप्रमुख घ्यायला नौदलप्रमुख विष्णू भागवत तयार नव्हते. वाजपेयी पंतप्रधान, जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री. होय, १९६७ साली मुंबईनं डोक्यावर घेतलेले तेच जॉर्ज. राष्ट्रपतींची मर्जी काढून घेतली आणि अॅडमिरल घरी. सुनावणी नाही, काही नाही. स्वतंत्र भारतात सेनाप्रमुख बडतर्फ होण्याची ती पहिली वेळ. बरोबर कोण, तो वाद दिल्लीवाल्यांनी घालावा. सरकारनं मनात आणलं तर वर्दी किती झटक्यात उतरते, एवढं ध्यानात ठेवा.

आता दीड वर्ष मागं या. ११ जुलै १९९७, आपलं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ. लोक हायवेवर उतरले. एसआरपी आली, गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. एसआरपी म्हणजे लष्कर नव्हे, राज्य सरकारच्या गृहखात्याची बंदूक. म्हणजे मंत्र्याच्या आणखी जवळची! मग तिथं हुकमत कुठं गेली? मुख्यमंत्री मनोहर जोशी, गृहखातं गोपीनाथ मुंडेंकडं. त्यापायी दोघांपैकी एकानंही खुर्ची सोडली नाही. उलट म्हणाले, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला.

आणि कायदा कसा, तर अॅडमिरलला काढायला मर्जी पुरते. पण जमाव पांगवायला गोळी झाडली म्हणणाऱ्या फौजदारावर खटला भरायचा तर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ प्रमाणे सरकारची परवानगी लागायची. मंत्र्याची खुर्ची हलली की वर्दी नोकर. आमची छाती फुटली की तीच वर्दी मंत्र्याची ढाल!

२००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी, सत्र न्यायालयानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या मनोहर कदमला जन्मठेप दिली. उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. गृहखात्याच्या दारापर्यंत तो खटला गेलाच नाही.