आधी कुत्रा, मग केस



हौसेनं आणलेलं आणि हौस फिटल्यावर गच्चीत किंवा बंगल्याच्या मागच्या बाजूला साखळीला अडकवलेलं कुत्रं आपल्या शहरांत नवीन राहिलेलं नाही. असं कुत्रं कधीतरी एखाद्या मायाळू माणसाच्या हाती येतं. त्याच्या नजरेत सर्वांत आधी भरतात ते केस. राठ, पिंजारलेले, हात फिरवला की तुटणारे, मुळाशी कोंडा धरलेले. मग शाम्पू येतो, तेल येतं, आठवड्यात तीन अंघोळी होतात आणि महिनाभरानं निराशा पदरी पडते. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कुत्र्याच्या अंगावरचा केस म्हणजे त्याच्या गेल्या काही महिन्यांच्या जगण्याची नोंद असते. नोंद पुसून जगणं बदलत नाही. जगणं बदललं की पुढची नोंद आपोआप वेगळी होते. म्हणून आधी कुत्रा सावरायचा, केस त्याच्या मागून येतात.

याचं कारण केसाच्या घडणीतच आहे. त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. तो बहुतांशी केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्यावर कौलांसारखी एकमेकांवर चढलेली सूक्ष्म आवरणं असतात. ती घट्ट बसलेली असली की उजेड परावर्तित होतो आणि केस तुकतुकीत दिसतो; ती उचकटली की केस निस्तेज दिसतो, गुंततो, तुटतो. जखम भरून येते, कारण तिथं जिवंत पेशी असतात. केसात त्या नाहीत, म्हणून तुटलेला केस कधीच बरा होत नाही. तो गळतो आणि त्याच्या जागी नवा येतो. जिवंत असतं ते त्वचेतलं मूळ आणि त्याला लागून असलेली तैलग्रंथी. आपल्याला जे काही करता येतं, ते या दोघांसाठी.

आता शरीराच्या दृष्टीनं पाहा. निरोगी कुत्र्याला रोज लागणाऱ्या प्रथिनांपैकी २५ ते ३० टक्क्यांपर्यंतचा वाटा त्वचा आणि केस यांच्याकडे जातो, असं पशुआहारशास्त्र मानतं. घरात तंगी आली की आधी किराणा भरला जातो आणि घराचा रंग लांबणीवर पडतो. शरीरही तसंच वागतं. हृदय, यकृत, रक्त यांची गरज आधी भागते, केसांची पाळी शेवटी येते. स्निग्धांशाचंही तसंच. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं १९२९ साली उंदरांना स्निग्धांशविरहित आहार देऊन पाहिला. त्यांच्या त्वचेवर खवले धरले, वाढ खुंटली. आहारात थोडीशी चरबी घालताच ते सुधारू लागले. लिनोलेइक आम्ल शरीराला बाहेरूनच मिळावं लागतं, हे त्या कामातून पुढे आलं. कुत्र्यालाही ते लागतं. ते कमी पडलं की त्वचेतून पाणी उडून जातं, कोंडा होतो आणि केस रुक्ष होतात. जस्ताच्या कमतरतेनंही डोळ्यांभोवती, तोंडाभोवती आणि तळव्यांवर खपल्या धरतात.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडची दूध-चपाती तपासायला हवी. पोट भरणारा हा आहार प्रेमानं दिला जातो, त्याबद्दल शंका नाही. पण त्यात कुत्र्याच्या गरजेच्या मानानं प्रथिनं कमी, लिनोलेइक आम्ल अगदीच थोडं. शिवाय गव्हातलं फायटेट जस्ताला बांधून ठेवतं आणि जोडीला दुधातलं कॅल्शियम असलं की ते शोषणं आणखी अवघड होतं. यावर आक्षेप येतो, की कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या ताटातलं उरलंसुरलं खाऊनच जगला. हे खरं आहे, आणि त्याला पुरावाही आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, तर कुत्र्यात चार ते तीस आढळल्या. परंतु पिष्ट पचवता येणं वेगळं आणि पिष्टातून प्रथिनं मिळवणं वेगळं. गावात फिरणारा कुत्रा हाडं, मासळीची डोकी, उंदीर असं बरंच काही मिळवतो. साखळीला बांधलेल्याला फक्त आपण वाढू तेच मिळतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. महागडे डबे घेतले तरच केस सुधारतात, असं मुळीच नाही. उकडलेलं अंडं, काटे काढून शिजवलेली स्वस्त मासळी, कोंबडीचं मांस यांतून उत्तम प्रथिनं मिळतात. अंडं मात्र कच्चं देत राहू नये. कच्च्या पांढऱ्या बलकातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन अडवून धरतं, म्हणजे केसांसाठी दिलेलं अंडं केसांच्याच विरोधात जातं. सोलापूर-मराठवाड्याच्या ओळखीच्या करडईच्या पारंपरिक तेलात सुमारे पाऊण हिस्सा लिनोलेइक आम्ल असतं, तर खोबरेल तेलात ते नावापुरतंच. दहा किलोच्या कुत्र्याच्या जेवणात अर्धा छोटा चमचा करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल पुरतं. जास्त घातलं तर जुलाब होतात आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. कायमचा घरगुती आहार ठरवताना पशुवैद्याकडून तो समतोल करून घ्यावा. कुत्रा अगदीच हडकलेला असेल, तर पहिल्या दिवसापासून ताट भरून वाढू नये. उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न पोटात गेलं, की रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरून जीवही जाऊ शकतो. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, पशुवैद्याच्या देखरेखीखाली, हीच रीत.

मात्र केवळ आहारानं सगळं सुटेल असं मानणं हीसुद्धा चूकच. जंत आणि गोचिडी रक्त पितात, गोचीडतापानं कुत्रा आतून खंगतो, खरजेचे किडे त्वचेत बिळं करतात. थायरॉइड मंदावला तर पोटभर खाऊनही केस निस्तेज राहतात आणि गळतात. म्हणून त्वचा खरवडून केलेली तपासणी, विष्ठेची तपासणी आणि रक्ततपासणी यांना पर्याय नाही. खरजेवर गाडीचं जळकं ऑइल चोपडण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही दिसते. कुत्रा ते चाटतो, त्वचा भाजते आणि विष पोटात जातं. स्वतःच्या मनानं आयव्हरमेक्टिन देणंही धोक्याचं आहे. कोलीसारख्या काही जातींत एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचतं.

मग अंघोळ, तेल, विंचरणं हे सगळं व्यर्थ का? नाही. पण त्याचं काम वेगळं आहे. ते मुळावरचा भार हलका करतं, केस घडवत नाही. कुत्र्याची बाह्यत्वचा माणसापेक्षा बरीच पातळ असते आणि तिची आम्लताही कमी असते, म्हणून आपला साबण तिला रुक्ष करतो. कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू, कोमट पाणी, भरपूर खळबळून धुणं आणि पूर्ण कोरडं करणं पुरेसं आहे. गाठी ओल्या केल्या की आणखी आवळतात. त्या अंघोळीआधी सोडवाव्यात. त्वचा ओढणाऱ्या घट्ट गाठी जाणत्या हातांनी कापून टाकणं ही दयाच. मात्र दोन थरांचे केस असलेल्या कुत्र्याला उन्हाळ्याच्या नावाखाली सरसकट भादरू नये. तेच केस त्याला उन्हापासून वाचवतात आणि पुन्हा येताना ते नीट येतीलच याची खात्री नसते.

शेवटचा आक्षेप वेळेचा: इतकं करून फरक का दिसत नाही? ‘पी हळद आणि हो गोरी’ ही घाई इथं चालत नाही. कुत्र्याचा प्रत्येक केस वाढतो, थांबतो आणि गळतो. या चक्रावर दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो, म्हणून अनेक कुत्र्यांचे केस ऋतू पालटताना जास्त झडतात. आहार सुधारल्यावर त्वचेत फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. आखूड केस नव्यानं यायला तीन-चार महिने, लांब केसांना वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. मधल्या काळात जुने केस जास्त गळताना दिसले, तर ते नव्यांना वाट करून देत असल्याचंही लक्षण असू शकतं. टक्कल पडू लागलं, खाज किंवा पुरळ दिसलं, तर मात्र पुन्हा पशुवैद्य गाठावा.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मालकानं पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा मानतो. राठ केस पाहिल्यावर आपण त्या कर्तव्याची आठवण ठेवली पाहिजे, मग कुत्रा आपला असो की शेजारच्या गच्चीतला. आणि तो आपल्या घरी आला असेल, तर रोज त्याच्या केसांच्या टोकांकडे पाहून हळहळू नका. टोकं ही त्याच्या आधीच्या घराची नोंद आहेत. महिन्यातून एकदा पाठीवरचे केस बाजूला सारून मुळाशी पाहा. तिथं आखूड, मऊ, गडद असं जे उगवू लागलेलं दिसेल, ती तुमच्या घरातली नोंद.