तालीम : एका शब्दाचे दोन अर्थ



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला शब्दाच्या मुळाशी जाण्याची सवय लावली. म्हणून आज मी 'तालीम' या एकाच शब्दाविषयी बोलणार आहे.

हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिकवणे, शिक्षण. उर्दूत आणि हिंदीत तो त्याच अर्थाने राहिला. मराठीत मात्र तो लाल मातीत उतरला आणि कुस्तीगिरांच्या आखाड्याचे नाव झाला. पुढे नाटकमंडळींनीही तो उचलला. आमच्या बऱ्हाणपुरात हे दोन्ही अर्थ एकाच गल्लीत नांदत होते. शेजारचे वृद्ध विणकर "तालीम पूरी करो, बेटा" म्हणत ते शाळेविषयी आणि वडील "तालमीत जा" म्हणत ते मातीविषयी. ज्या गावाच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेखही कोरलेला आहे, त्या गावात याचे नवल ते काय!

आखाड्यातील इतर शब्दही असेच बोलके आहेत. 'वस्ताद' म्हणजे फारसी 'उस्ताद', गुरू. जोर-बैठकांना आपण 'मेहनत' म्हणतो. त्या शब्दाच्या अरबी मुळात कसोटी आणि क्लेश हे अर्थ आहेत. परंपरा त्याहूनही जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविद्येला स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लाचे शरीर आपोआप घडत नाही, ते घडवावे लागते, ही जाण आपल्याकडे किमान तेव्हापासूनची आहे.

परंतु घडवणे आणि मोडणे यांतील सीमारेषा फार बारीक असते. ती मला प्रथम जाणवली ती चौदाव्या वर्षी. श्रावण होता, नागपंचमीच्या कुस्त्या तोंडावर आल्या होत्या. पहाटे हौद खणायचा, ताक-तेल-हळद मुरलेली माती मोकळी करायची, मग जोर, मग बैठका; आणि अंगात काही उरले असेल तर जोड. त्या दिवशी वस्तादांनी मला माझ्याहून थोराड अशा मल्लापुढे उभे केले. त्याने पट काढला, मी पडलो. उठलो, पुन्हा पडलो. सातव्या-आठव्या खेपेस तोंडात माती गेली, हात जणू माझे राहिलेच नव्हते. काठावरची मोठी मुले हसू लागली. वस्ताद हौदात उतरले, माझ्या छातीवर तळवा ठेवून त्यांनी श्वास पाहिला आणि विचारले, "थकलास, की दुखावलास?"

"थकलो, वस्ताद."

"मग ऊठ. आणखी एकदाच."

मी उठलो, पुन्हा पडलोच; पण त्या खेपेस पडायला वेळ लागला. थोड्या वेळाने दुसरा एक मुलगा खांदा धरून उभा राहिला. त्यालाही तोच प्रश्न. त्याचे उत्तर ऐकताच वस्तादांनी त्याला बाहेर बसवले, हसणाऱ्यांना गप्प केले आणि खांदा बरा होईपर्यंत त्याला हौदात पाऊल ठेवू दिले नाही.

मित्रहो, सगळे प्रशिक्षणशास्त्र मला त्या एका प्रश्नात दिसते. थकव्याच्या पलीकडे बळ असते. दुखापतीच्या पलीकडे केवळ हानी. हा प्रश्न न विचारणारा एक शिक्षकही मी पुढे अन्यत्र पाहिला. सुजलेल्या गुडघ्यानिशी त्याने एका गुणी मुलाला लढवले. तो मुलगा पुन्हा कधी लांग चढवू शकला नाही. दोघांचीही शिस्त कडकच होती. फरक होता तो दृष्टीचा.

खाशाबा जाधवांचे उदाहरण आपणां सर्वांना ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्याला अपरिचित मॅटवर लढावे लागले आणि सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्यानंतर चार वर्षे त्याने मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले होते. विद्यार्थ्याने घाम गाळावा आणि गुरूने स्वतःचे काही पणाला लावावे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. गुरूची बाजू रिकामी राहिली, की मेहनतीचा केवळ छळ उरतो.

वर्गातही याहून वेगळे नसते. व्याकरण चुकलेला प्रत्येक मुलगा आळशी नसतो. कोणी थकलेला असतो, कोणी दुखावलेला. पहिल्याला आणखी एक उतारा द्यावा, दुसऱ्याला जवळ बसवावे. आपले गुरुजी हे जाणत होते, म्हणूनच त्यांच्या कडकपणाची आठवण आपण आज कृतज्ञतेने काढतो.

२०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. २०१६ साली रिओमध्ये साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक मिळवून मुलींसाठीही आखाड्याची वाट रुंद केली. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की प्रांगणाच्या एका कोपऱ्यात मातीचा हौद आणि एक मल्लखांब उभा करावा, तो मुलामुलींना सारखाच खुला असावा आणि तेथे नेमायचा वस्ताद त्याच्या पदकांवरून न निवडता त्याच्या नजरेवरून निवडावा. तसे झाले, तर 'तालीम' या शब्दाचे दोन्ही अर्थ या एका आवारात सुखाने नांदतील.