भिंतीवरची जाहिरात, कर कुणाचा?

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात बियाण्याची जाहिरात भिंतीवर रंगवली, तर तिच्यावर कर लावण्याचा अधिकार पूर्वी राज्याचा होता. तीच वर्तमानपत्रात छापली, तर केंद्राचा! राज्यसूचीतली 55वी नोंद तशी होती. 1976 मध्ये रेडिओ-दूरदर्शनच्या जाहिरातीही तिच्यातून वगळल्या. केंद्राने 1994 पासून सेवाकर घेतला, 1996 मध्ये जाहिरात संस्थांनाही त्यात ओढले. 2016 च्या घटनादुरुस्तीने ती नोंदच गेली.

जीएसटीतला वाटा राज्याला मिळतो, हे कबूल. पण दर ठरतात परिषदेत. तिथे ठरावाला तीन-चतुर्थांश मते हवीत आणि केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश. केंद्राने नकार दिला, की सगळी राज्ये एकवटूनही ठराव होत नाही. मला खटकते ते हेच.