मोटारीमागचं घर



उन्हाळा आला की आपल्याकडची पुष्कळ मंडळी मुलांकडे अमेरिकेला जातात. तिथे पोहोचल्यावर मुलगा किंवा जावई म्हणतो, ‘या वेळी हॉटेलं नकोत, आपण कॅम्पर घेऊन जाऊ.’ कॅम्पर म्हणजे चाकांवरचं छोटं घर. ओटा, फ्रिज, दोन-तीन बिछाने, न्हाणीघर, सगळं आत. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. ते मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं, म्हणून त्याला ट्रेलरही म्हणतात. ओढायला असते शेवरले सबर्बन, टाहो किंवा फोर्ड एक्स्पिडिशनसारखी एखादी थोरली एसयूव्ही. आज मी या ओढण्याविषयी बोलणार आहे, आणि त्यातही वजनाविषयी. कारण या प्रवासात आजी-आजोबाही गाडीत बसलेले असतात आणि त्यांचं वजन हिशेबात धरावं लागतं. बहुतेक घरांत ते कुणी धरत नाही.

अमेरिकेत ही हौस जुनी आहे. सबर्बन हे नाव तिथल्या रस्त्यांवर १९३५पासून आहे. त्याच सुमाराला, १९३६ साली, वॉली बायम यांनी आपल्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर विकायला काढला. पुढे १९५९ साली हेच बायम अशा ट्रेलरांचा ताफा घेऊन आफ्रिकेत केपटाऊनहून कैरोपर्यंत गेले. त्या मानाने डेन्व्हरहून यलोस्टोनला जाणं सोपंच. पण सोपं वाटतं म्हणूनच त्यात गफलत होते. शिवाय बहुतेक राज्यांत असा ट्रेलर ओढायला रोजचं साधं लायसन्स पुरतं. वेगळी परीक्षा नाही, वेगळं शिक्षण नाही. जे शिकायचं ते आपलं आपण.

गफलत सुरू होते ती जाहिरातीतल्या आकड्यापासून. अलीकडच्या एक्स्पिडिशनच्या एका प्रकाराबद्दल कंपनी सांगते की ती ९,३०० पौंड, म्हणजे सुमारे ४,२०० किलो, ओढू शकते. हा आकडा खोटा नाही. तो ठरवण्याची एक कडक पद्धत आहे, तिचं नाव जे २८०७. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळून चढत जाणारा साधारण १८ किलोमीटरांचा एक घाट आहे. बाहेर निदान ३८ अंश सेल्सिअस ऊन, आतला एसी पूर्ण जोरावर, मागे तेवढा ट्रेलर, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. हे जमलं तरच तो आकडा छापायचा. मला या पद्धतीबद्दल आदर आहे. ती येण्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने मोजत असे.

पण या परीक्षेच्या वेळी गाडीत फक्त दोन माणसं धरलेली असतात, प्रत्येकी ६८ किलोंची. मागच्या दोन्ही रांगा रिकाम्या. सामान नाही, सायकली नाहीत, डाळ-तांदळाच्या पिशव्या नाहीत. आपण मात्र सात आसनांची गाडी घेतो ती सात माणसं बसवण्यासाठीच. म्हणजे आपण निघतो त्या गाडीचा आणि परीक्षेतल्या गाडीचा संबंध फार थोडा उरतो.

मग खरा आकडा कुठे असतो? चालकाचं दार उघडलं की चौकटीवर एक पांढरं-पिवळं लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून या गाडीवर जास्तीत जास्त किती भार चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. याला पेलोड म्हणतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवरही तो वेगळा असतो, कारण काचेचं छत, चार चाकांना ताकद देणारी यंत्रणा, मोठी चाकं, जे जे जास्तीचं बसवलं ते ते यातून वजा होत जातं. आणि मागच्या ट्रेलरची दांडी गाडीच्या शेपटीवरच्या जोडणीच्या, म्हणजे हिचच्या, बॉलवर जेवढी टेकते, तेवढा भारही याच पेलोडमध्ये मोडतो.

आता एक हिशेब मांडू. समजा, लेबलावर ७५० किलो आहेत. भरलेला ट्रेलर ३,२०० किलोंचा. जाहिरातीतल्या ४,२०० पेक्षा तब्बल हजाराने कमी, म्हणून आपण निश्चिंत. ट्रेलर सरळ चालायचा तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग बॉलवर पडायला हवा. मधला तेरा टक्के धरला तर झाले ४१६ किलो. हिचचं लोखंड ४५ किलो. ७५०मधून हे गेले की उरले २८९. आता बसवा माणसं: मुलगा, सून, आई, बाबा आणि एक नातू. पाच जणांचे सरासरी साठ किलो धरले तरी ३०० झाले. अजून एकही बॅग चढलेली नाही, आणि गाडीची मर्यादा ओलांडून झाली! ओढण्याची क्षमता हजार किलो शिल्लक असताना वाहण्याची क्षमता संपलेली असते. मोठ्या एसयूव्हीच्या बाबतीत बहुधा हीच मर्यादा आधी येते, आणि विक्रेत्याच्या तोंडी ती क्वचितच असते.

ट्रेलरच्या वजनाचंही तसंच. माहितीपत्रकात छापलेलं असतं ते कोरडं वजन, म्हणजे रिकाम्या डब्याचं. त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, बिछान्यांवरच्या रजया नाहीत. नुसती दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो वाढले. म्हणून हिशेब करताना ट्रेलरच्या पाटीवरचं कमाल वजन धरावं. भरता भरता आपण त्याच्या जवळ पोहोचतोच.

इथे कुणाला वाटेल, मग बॉलवरचा भार कमी करावा, जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवावं. हे मात्र कधीही करू नये. आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. माल मागे सरकला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, हे त्याला ठाऊक असतं. बैलगाडीत ते जागच्या जागी कळतं. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ट्रेलरमध्ये ते कळतं तेव्हा तो डावी-उजवीकडे झोके घेऊ लागलेला असतो. कमी वेगात असा झोका आपोआप विरतो. एका ठरावीक वेगापुढे तो विरत नाही, प्रत्येक हेलकाव्याबरोबर वाढतो आणि शेवटी गाडीलाच फिरवतो. शेजारून एखादा लांबलचक ट्रक गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला, एवढं निमित्त पुरतं. म्हणून जड वस्तू ट्रेलरच्या चाकांच्या थोड्या पुढे, आणि खाली.

झोका सुरू झालाच तर पाय गाडीच्या ब्रेककडे धावतो. त्याला आवरायचं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, झोक्याच्या उलट वळवत बसायचं नाही. आणि डॅशबोर्डवर ब्रेक कंट्रोलरची जी कळ असते ती दाबायची. तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रेलर मागे खेचला जातो आणि सगळी जोडी ताणून सरळ होते. ही कळ कुठे आहे ते हाताने न चाचपता सापडलं पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये तिचा सराव करावा, शेजारी बसणाऱ्यानेही. गाडी लांब असली तर थोडी मदत होते. सबर्बनच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साधारण ३.४ मीटर, टाहोचं ३.१. म्हणून इंजिन तेच असूनही ट्रेलर ओढताना सबर्बन जास्त स्थिर वाटते.

दुसरी गोष्ट हिचची. चारशे किलो गाडीच्या शेपटीवर पडले की मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं, रात्री दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. यावर उपाय म्हणजे वजन वाटून देणारा हिच. त्याला दोन पोलादी पट्ट्या असतात. त्या ताणून बसवल्या की भाराचा काही भाग पुढच्या चाकांवर परत जातो आणि काही ट्रेलरच्या चाकांवर. बसवायला पंधरा मिनिटं लागतात, हात काळे होतात, पण मोठ्या कॅम्परला मी याशिवाय निघू देणार नाही.

आणि हे सगळं खरोखर जमलंय का, ते कळतं वजनकाट्यावर. माझा भाचा कोलोराडोत राहतो. त्याच्याबरोबर मी हायवेवरच्या एका ट्रक थांब्यावर गेलो होतो. तिथे ट्रकवाल्यांसाठी मोठे भुईकाटे असतात, थोडक्या डॉलरांत कुणालाही वजन करून मिळतं. काट्याच्या पहिल्या पत्र्यावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलर. एकदा पट्ट्या ताणून, एकदा त्या सैल सोडून, आणि शेवटी ट्रेलर बाजूला उभा करून नुसती गाडी. आम्ही सगळे गाडीतच बसलो होतो. माझी बहीण म्हणाली, ‘मी उतरते, उगीच वजन वाढेल.’ तिला बसवून ठेवलं, कारण प्रवासात ती असणारच होती. तीन कागद हातात आले. मागच्या आसावर मर्यादेपेक्षा जास्त भार होता. मग तिथेच सामान उतरवलं. गाडीच्या डिकीतली पाण्याची पिंपं, शेगडी आणि अवजारांची पेटी ट्रेलरमध्ये चाकांच्या जरा पुढे गेली, ट्रेलरची टाकी निम्मी रिकामी केली, पुन्हा वजन केलं. तासभर गेला. मुलं कंटाळली. पण पुढचे सगळे दिवस गाडी हाताला वेगळीच लागली.

त्या प्रवासात आयझनहॉवर बोगदा लागला. साधारण ३,४०० मीटर उंचीवर आहे तो. तिथे हवा विरळ, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद चांगलीच घटते. लोक चढाची धास्ती घेतात. खरी काळजी घ्यायची ती उताराची. पलीकडे सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे. सतत ब्रेक दाबत उतरलं तर ते तापतात आणि पकड सोडतात. ओझं ओढण्यासाठी गाडीत असलेला टो-हॉल मोड लावायचा, खालचा गिअर धरायचा, वेग आधीच कमी करायचा. इंजिन ओरडतं, ओरडू द्यावं. ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ, ठामपणे, आणि मग सोडून द्यायचा, म्हणजे त्याला निवायला अवधी मिळतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरांची, कायदेशीर मर्यादाच आहे. इतर बऱ्याच राज्यांत ती नसली तरी ट्रेलरचे बरेचसे टायर ६५ मैलांच्या हिशेबाने बनवलेले असतात. टायरवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्याहून जोरात नेऊ नये. पेट्रोल जवळजवळ दुप्पट लागतं, हेही घरातून निघतानाच धरून चालावं.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा इंजिनासकट असलेलं मोटारहोम भाड्याने का घेऊ नये, असं मला विचारतात. ज्यांना हा हिशेब नको असेल त्यांनी जरूर घ्यावं. ट्रेलरची सोय वेगळी आहे. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये ‘गोइंग-टू-द-सन’ नावाचा डोंगरी रस्ता आहे. त्याच्या मधल्या भागात २१ फुटांहून, म्हणजे ६.४ मीटरहून, लांब वाहनाला बंदी आहे. मोठं मोटारहोम तिथे चालत नाही. नुसती सबर्बन पावणेसहा मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे लांबीत बसते. कॅम्पग्राउंडवर ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावायचे, मगच तो सोडायचा, आणि ट्रेलरसाठी गाडीला लावलेले लांब आरसे काढून ठेवायचे, कारण रुंदीलाही तिथे आठ फुटांची मर्यादा आहे. मग सगळ्यांनी गाडीत बसून लोगन खिंडीपर्यंत जाऊन यायचं. सकाळी लवकर निघा. वर पार्किंगची जागा फार थोडी आहे.