निळा दिवा आणि आपले अंगण



मंडळाच्या खोलीतले कीटक मारण्याचे निळ्या दिव्याचे यंत्र मी दुरुस्त केले, म्हणून त्याविषयी चार शब्द सांगण्याची मला आज्ञा झाली आहे. आणखी एक यंत्र घ्यावे काय, हा प्रश्नही आपल्यापुढे आहेच.

यंत्राचे दुखणे साधे होते. आपली किनाऱ्याची हवा खारी. तारा गंजलेल्या, आणि त्यांच्यामध्ये मेलेले पतंग अडकल्याने ते सारखे तडतडत होते. कोरड्या ब्रशाने तारा झाडल्या, नळी बदलली, काम झाले. मात्र एक ध्यानात ठेवा. त्या तारांत हजारावर व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही थोडी वीज आत साठून राहते. म्हणून प्लग काढून थोडे थांबावे, प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने शेजारच्या दोन तारा एकदम टेकवून ती उतरवावी, मगच ब्रश लावावा. ओले फडके कधीही लावू नये. यंत्र ओट्यावर किंवा पानांवर टांगू नये. कीटकांचे बारीक तुकडे अन्नात उडतात.

आता मुख्य गोष्ट. खालचा ट्रे मी कागदावर रिकामा केला. पतंग, तुडतुडे, पंखांची वाळवी पुष्कळ. डास मात्र शोधावा लागला! अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीतही तेच दिसले. अशा यंत्रांनी मारलेल्या १३,७८९ कीटकांत चावणारे अवघे ३१. डासाची मादी दिव्याला फारशी भुलत नाही. ती आपल्या श्वासाचा आणि अंगाच्या वासाचा माग काढते. डेंग्यूची मादी तर मुख्यतः दिवसा चावते.

गेल्या पावसाळ्यात आपल्या आळीतली दोन घरे तापाने अंथरुणाला खिळली, हे आपण विसरलेलो नाही. तो डास आपल्याच अंगणात जन्मतो. वाडीत पडलेल्या पोफळीच्या विऱ्या, करवंट्या, पागोळीखालची बादली, फ्रिजमागचा ट्रे, ओढून ठेवलेल्या होडीवरची ताडपत्री, ही त्याची बाळंतिणीची खोली! अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंपे-रांजण रिते करून कडा घासाव्या. नुसते पाणी ओतून भागत नाही; अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. विहिरीत गप्पी मासे सोडावे; ओढ्यात मात्र नको, तिथल्या मूळच्या माशांना ते जाचक होतात.

एका घरी कोरडे आणि शेजारी ओले, याने काही साधणार नाही. डासाला कुंपण नसते. तेव्हा माझी सूचना अशी की, नव्या यंत्राचे पैसे टाक्यांच्या झाकणांना आणि जाळ्यांना लावावे, आणि दर शनिवारी सर्व घरांनी एकदम भांडी रिती करावी. दोघी-दोघींनी आळीतून फेरी मारावी. जिथे घरी वृद्ध एकट्या आहेत, तिथले रांजण आपणच घासावे.

जुने यंत्र खोलीत राहू द्या. पतंग मारायला ते पुरेसे आहे. डासांचे काम मात्र आपल्याच हातांनी व्हायचे आहे.